बहात्तर वार कापडाचा संसार



युनियनचा माणूस व्याख्यानाला बोलावला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता नाही तर संप यांवरच बोलणार, अशी लोकांची समजूत असते. आम्ही ‘घरातील काटकसर, भट्टी आणि शिवण’ असा विषय कळविला, तेव्हा चालकांनी पुन्हा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. परंतु आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि पगाराच्या वाटाघाटींत जास्त झाले आहे, आणि त्या वाटाघाटींत तीस वर्षे बसून आमच्या ध्यानात आलेली गोष्ट अशी की, पगाराचा प्रत्येक हिशेब शेवटी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात आणि कोणाच्या तरी सुईदोऱ्यापाशी येऊन पोहोचतो. तेव्हा आज तेथूनच सुरुवात करू.

आपण वसंतात जमलो आहोत. गावात कोणत्याही माळवदावर नाही तर पत्र्यावर पाहा, बाजेवर धोतर पसरलेले आहे आणि त्यावर कुरडया, शेवया, सांडगे, खारोड्या वाळत आहेत. उन्हाला पैसे पडत नाहीत. पावसाळ्यात भाजी महागली की हेच वाळवण कामी येते. बाजारात भाव वाढण्याआधी चार महिने ज्या बाईने त्याची तरतूद करून ठेवली, तिला आपण अर्थशास्त्री म्हणत नाही, एवढाच काय तो फरक.

शिवणाचे तसेच. जुन्या घरांत लुगड्याचा प्रवास कसा होई ते येथील वडीलधाऱ्या बायांना आम्ही सांगायला नको. नवे असताना ते सणाला, मग रोजच्या वापराला. मध्ये विरले की मधला भाग कापून दोन्ही कडेचे पदर जोडायचे, दांड भरायचा, आणि आणखी वर्ष काढायचे. पुढे त्याची बाळाला झबली, टोपडी आणि दुपटी. बाळंतिणीच्या घरी नवे कापड टोचते, धुऊन धुऊन मऊ झालेलेच लागते, म्हणजे येथे गरिबी आणि शहाणपण यांचे एकमत आहे. त्यानंतर वाकळ. वाकळेला वर-खाली धडके लुगडे आणि आत सगळ्या घरादाराची धडुती. कडेपासून धावदोरा घालीत घालीत मधोमध यायचे. वाकळही फाटली की तिचे पोतेरे होई. सदऱ्याची कॉलर झिजली की ती उसवून, उलटी करून पुन्हा बसवायची. मुलीच्या झग्याला खाली चार बोटे दुमड ठेवायची आणि दर वर्षी एक बोट सोडायची. हे सारे कोणत्या शाळेत शिकविले गेले? १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’ लिहिले, १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि तिने शेर-छटाकांऐवजी वाटी-चमच्याचे माप घराघरांत नेले. स्वयंपाकाला अशी थोर पुस्तके मिळाली. ठिगळाच्या वाट्याला मात्र फारसे कोणी आले नाही. ते आईकडून लेकीकडे हातानेच गेले.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही मांडीवरचे मूल होतो. आम्हांला आठवत नाही, पण घरात ऐकून पाठ आहे. बाया दिवसभर खडी फोडीत, परदेशातून आलेला लाल मिलो दळून त्याच्या भाकरी थापीत. ती भाकर थापली तर तुटे. म्हणून पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचे ही युक्ती एकीने दुसरीला सांगितली. त्या काळी मराठवाडा जगला तो सरकारी कामांवर जगला, हे खरेच. परंतु कामावर मिळालेल्या मजुरीचे जेवण करण्याचे दुसरे काम रोज संध्याकाळी होत होते आणि त्याचे मस्टर कोणी लावले नव्हते.

आता भट्टीविषयी. घरी भाजलेला केक, घरी केलेली बिस्किटे यांचे हल्ली मोठे कौतुक चालते. आम्हांलाही खायला आवडतात. पण काटकसर म्हणून पाहिले तर डझनभर बिस्किटांसाठी विजेची भट्टी अर्धा-पाऊण तास तापवणे हा सौदा तोट्याचा आहे. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांत बायांनी याची वेगळी तोड काढलेली होती, आणि काही ठिकाणी ती आजही चालते. दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत चार-पाच घरच्या बाया रवा, मैदा, पिठीसाखर, वनस्पती तूप आणि वेलदोडे डब्यांत घेऊन बेकरीवर जात. बेकरीवाल्याचा पाव पहाटे निघालेला असे, भट्टीत धग शिल्लक असे. तेथेच पीठ मळायचे, नानकटाईचे गोळे वळून ट्रेमध्ये मांडायचे, आणि भाजणावळ किलोवर द्यायची. सामान आपले, मेहनत आपली, धग उरलेली. घरी येताना पत्र्याचा डबा भरून बिस्किटे येत आणि डबा गरम असल्यामुळे पोरे रस्त्यातच झाकण उघडीत. ज्यांना बेकरी जवळ नव्हती त्या पातेल्यात वाळू घालून, वर झाकणावर निखारे ठेवून भागवीत. सरपणाचा विचार केला तर बेकरीची वाटच शहाणपणाची. एका घराला न परवडणारी भट्टी पाच घरांना परवडते, हे बायांना आमच्या सहकार-भाषणांच्या पुष्कळ आधी ठाऊक होते.

येथवर सगळे गोड आहे. आता कडू बोलतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, पगाराची बोलणी चालू होती. मालकांच्या बाजूचे एक गृहस्थ आम्हांला समजावणीच्या सुरात म्हणाले की, तुमची माणसे खेड्यातली आहेत, त्यांच्या बायका फार काटकसरी असतात, घरी शिवतात, पापड करतात, त्यांना शहरातल्या माणसाइतका पैसा लागत नाही. ते वाईट हेतूने बोलले नसतील. पण त्या वाक्याचा अर्थ आमच्या लोकांना लगेच कळला. बाईने रात्री जागून सदऱ्याची कॉलर उलटविली, त्यातून जे वाचले ते तिच्या घरात राहायला हवे होते. ते कारखान्याच्या जमाखात्यात जमा धरले जात होते.

अशा वेळी जुने कागद कामी येतात. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या कुटुंबखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरस साहेबांनी तिचा अहवाल १९२३ साली काढला. त्यात असे आढळले की, मुंबईचा गिरणीकामगार जे धान्य खातो ते दुष्काळी कामावरच्या मजुराला ठरविलेल्या कमाल मापाएवढे भरते, पण तुरुंगाच्या नियमांत कैद्याला ठरविलेल्या मापापेक्षा कमी पडते. सरकारचाच अहवाल सांगत होता की गिरणीत राबणाऱ्यापेक्षा तुरुंगात बसलेला बरा खातो. इतके होऊनही त्या काळी कामगाराला उधळ्या म्हणण्याची पद्धत होतीच.

पुढे स्वातंत्र्य आले आणि १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी मिळून गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे माप ठरविले. ते माप प्रत्येकाने पाठ करावे असे आहे. कुटुंब म्हणजे तीन एकके. कामगार एक, बायको शून्य दशांश आठ, दोन मुले प्रत्येकी शून्य दशांश सहा. प्रत्येक एककाला डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे रोज २७०० उष्मांकांचे अन्न. माणशी वर्षाला १८ वार कापड, म्हणजे चौघांना ७२ वार. घरभाडे वेगळे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरावे असे सांगितले. वार गेले, मीटर आले. २०१९ च्या वेतन संहितेखालील नियमांच्या मसुद्यात तेच कापड ६६ मीटर म्हणून आले आहे.

या मापात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक, बायकामुलांची कमाई हिशेबात धरायची नाही असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. त्या गृहस्थांना आम्ही हेच दाखविले. बाई घरी शिवते म्हणून नवऱ्याचा पगार कमी, हा हिशेब १९५७ पासून बाद आहे. दुसरी गोष्ट आमच्या बाजूची, आणि ती जरा अडचणीची आहे. अठरा वारांत नऊवारी लुगडी दोनच होतात. चोळी नाही, परकर नाही, अंथरूण-पांघरूण नाही. म्हणजे आमच्या पुढाऱ्यांनीही जे माप भांडून मिळविले, ते घरात कोणी तरी दांड भरील, वाकळ शिवील, हे गृहीत धरूनच मिळविले. आणि बाईला शून्य दशांश आठ का? पाणी आणते ती, दळते ती, खुरपते ती. या प्रश्नाला आम्हांला आजपर्यंत समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

घरातही तिचा वाटा असाच पडतो. काटकसर करायची ठरली की पहिली कात्री कोठे लागते ते आपण सारे जाणतो. दूध पोराला, भाजी कामावर जाणाऱ्याला, आणि तवा उतरल्यावर जे उरेल ते तिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे दिसले. ज्या संसारात तेलाचा डबा महिनाभर पुरतो आणि बाईला जिना चढताना धाप लागते, त्या संसाराला आम्ही काटकसरी म्हणणार नाही. तेथे खर्च झालेला आहे, फक्त तो वहीत नाही. वेळेचेही तेच. देशाच्या २०१९ च्या वेळ-पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे रोजचे सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकामात जातात असे निघाले. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. येथे पुढच्या रांगेतले काही पुरुष एकमेकांकडे पाहत आहेत. त्यांनी घरी जाऊन मोजून पाहावे, सरकारवर विश्वास ठेवण्याची सक्ती नाही.

आता कोणी म्हणेल, आजच्या दिवसांत घरी शिवण्यात फायदा तरी काय? प्रश्न रास्त आहे. कापड दुकानातून मीटरवर कापड घेऊन सदरा शिवावा तर बाजारातल्या तयार सदऱ्यापेक्षा महाग पडतो, हे खरे आहे. मग तयार सदरा इतका स्वस्त कसा? त्यात कापूस आहे, जो आपल्या भोकरदन तालुक्यातही पिकतो. सूत आहे, विणाई आहे, रंग आहे, गाडीभाडे आहे, दुकानदाराचा नफा आहे. या सगळ्यांतून वाकवता येण्याजोगी वस्तू एकच उरते, ती म्हणजे शिवणाऱ्या बाईची मजुरी. २०१३ च्या २४ एप्रिलला बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. आत कपडे शिवणारे अकराशेहून अधिक जीव गेले, त्यांत बहुसंख्य बाया होत्या. भिंतीला तडे गेलेले आदल्या दिवशी सर्वांनी पाहिले होते, तरी त्यांना कामावर बोलावण्यात आले. स्वस्त कपड्याची किंमत कोणी तरी देतोच. म्हणून नवे कपडे घरी शिवण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही. पण उसवलेले शिवणे, चेन बदलणे, रफू करणे, मोठ्याचे धाकट्याला बेतून देणे यांत आजही रोकडा फायदा आहे, आणि हे काम पुरुषाच्या हातानेही होते. शिंपी पुरुषच असतात की!

मशीनविषयी थोडे. गांधीजी यंत्रांच्या विरुद्ध म्हणून प्रसिद्ध, पण १९२४ साली एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ते यंत्र शोधले, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सिंगर साहेबांचे गृहजीवन इतके पवित्र नव्हते, त्यांनी एकाच वेळी अनेक संसार थाटले होते, आणि एलियास हाउ याने १८४६ सालीच शिवणयंत्राचे पेटंट घेतलेले होते. पण गांधीजींचा मुद्दा सिंगरच्या चारित्र्यावर अवलंबून नाही. यंत्राने बाईचे श्रम वाचावेत, एवढा तो मुद्दा. सिंगर कंपनीने १८५६ च्या सुमारास दुसरी एक गोष्ट जगाला दिली, तीही आपल्या घरात येऊन बसली आहे. ती म्हणजे हप्ता. मशीन आज घ्या, पैसे महिन्या-महिन्याने द्या. मशीनसाठी हप्ता असेल तर आम्ही त्याला वाईट म्हणणार नाही, कारण मशीन हप्ता फेडते. पण आज आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणारे लोक दारोदार फिरतात, आणि एका कर्जाचा हप्ता फेडायला दुसरे कर्ज काढलेले आम्ही घरोघर पाहतो. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा त्याचा पाया बायांची स्वतःची बचत हा होता. आता पुष्कळ ठिकाणी नाव बचत गट आणि काम मात्र कर्जवसुलीचे, अशी स्थिती आहे. वर्षभर जुळवून आणलेली काटकसर दोन महिन्यांच्या व्याजात जाते. नानकटाईच्या डब्याने हे भरून निघत नाही.

मग करायचे काय? ज्यांनी केले त्यांच्याकडे पाहू. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधडीच्या खोळी शिवणाऱ्या बाया होत्या, बहुतेक मुसलमान. व्यापारी चिंध्या द्यायचा आणि नगावर पैसे मोजायचा. आपल्याकडच्या वाकळेचेच हे काम. इला भट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही अशा घरबसल्या आणि फिरत्या कष्टकरी बायांची संघटना नोंदवायला नेली, तेव्हा कामगार खात्याने विचारले, तुमचा मालक कोण? मालक नाही तर युनियन कसली? आम्हां युनियनवाल्यांचीही त्या वेळी हीच शंका असती. त्यांनी नोंदणी मिळविली आणि पुढे चिंधीवाल्या बायांच्या दरासाठी भांडल्या. व्यापाऱ्यांनी काम बंद केले तेव्हा स्वतःचे उत्पादन सुरू केले.

मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बाया होत्या. गावाकडे बायकापोरे ठेवून आलेल्या कामगारांना त्या महिन्याच्या बोलीवर जेवण घालीत. किराणा उधारीचा, भांडवल सावकाराचे, दागिने गहाण, आणि संप झाला तरी चूल चालू. आमच्या चळवळीच्या इतिहासात संपाच्या पुढाऱ्यांची नावे आहेत. त्या संपांना जेवण कोणी घातले ते फारसे लिहिलेले नाही. कामगार चळवळीतल्याच प्रेमा पुरव यांनी हे ओळखले आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण काय, असे बँकेने विचारले तर उत्तर होते, एकमेकींची हमी. लिज्जत पापडाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे, १९५९, गिरगावातली गच्ची, सात बाया आणि ८० रुपये उसने, म्हणून ती लांबवीत नाही. त्यातला ध्यानात घेण्याचा भाग एवढाच की पीठ मळून केंद्रावर मिळते, लाटणावळ ठरलेली असते, आणि लाटणारी बाईच संस्थेची मालकीण असते. पुण्यात हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ काढली, तीही आमच्या मते याच घराण्यातली. हमालाला स्वस्त जेवण आणि ते रांधणाऱ्या बायांना रोजगार, असा तो दुहेरी व्यवहार आहे.

सरकारनेही हे कौशल्य वापरून पाहिले. २०२४ साली राज्यात ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून योजना आली. कापड वरून आणायचे आणि शिलाई महिला बचत गटांनी करायची. बायांना घरबसल्या काम मिळणार म्हणून आम्हांला आनंद झाला. मग दर पाहिला. एका गणवेशाची शिलाई १०० रुपये आणि वर किरकोळीचे १०. अनेक ठिकाणी गटांना तो परवडेना, शिंपी मिळेनात, आणि कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी मुलांच्या अंगावर गणवेश आला नव्हता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. बायांना शिवता येत नाही असा निष्कर्ष तेव्हा काहींनी काढला. आम्ही तो मानीत नाही. १०० रुपयांचा दर कोणी आणि कोणत्या हिशेबाने बसविला, त्या वेळी मशीनवर बसणाऱ्या एका तरी बाईला विचारले होते काय, हे आम्हांला विचारावेसे वाटते.

आता समित्या स्थानिक आहेत. शाळा जूनमध्ये उघडतील. हसनाबादेत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर शिवणाऱ्या बाया आहेत, हे आज या सभेतच दिसते आहे. त्यांनी समितीपुढे जाण्याआधी एक काम करावे अशी आमची विनंती आहे. एक सदरा आणि एक अर्धी विजार प्रत्यक्ष शिवून घड्याळ लावून मोजावे. बेतणे किती, कापणे किती, टीप किती, काज-बटण किती, इस्त्री किती. त्यात दोरा, सुया, मशीनचे तेल, वीज, बिघडलेल्या नगाची भरपाई आणि कापड आणण्या-नेण्याचे भाडे धरावे. तासाला शेतावर आज जी मजुरी आहे तीपेक्षा खाली यायचे नाही असे आधी आपसांत ठरवावे, म्हणजे एकीला दुसरीविरुद्ध उभे करता येणार नाही. कागदावर हे मांडताना आमची गरज लागली तर आम्ही येऊ. उद्या सकाळपर्यंत गावातच आहोत.